मांडीवर बर्फाचा डबा, वाट निमोण्याची

सुरुवातीलाच सांगून टाकतो. निमोण्याच्या एका सुनेला मी फोनवर चुकीचा सल्ला दिला. तो अंगाशी आला तेव्हा असा फोन मला आठवत नाही असं तिच्या तोंडावर, डॉक्टरांसमोर सांगितलं. फोन मला आठवत होता. शब्दन् शब्द आठवत होता.

मी पुण्याजवळच्या एका छोट्या प्रयोगशाळेत काम करतो. आम्ही जखमेवर लावायची एक पट्टी बनवतो. पट्टी म्हणजे माशाच्या कातड्यापासून काढलेल्या प्रथिनाचा पातळ स्पंज. साखरेच्या रुग्णाची जखम महिनोन्महिने भरत नाही, कारण तिथे रक्तच पोचत नसतं. हा स्पंज जखमेत बसवला की कडेच्या बारीक रक्तवाहिन्यांना फुटायला आणि आत शिरायला जागा मिळते. त्या वाढत आत येतात, त्यांच्यामागून मांस भरतं, आणि स्पंज हळूहळू विरून जातो. रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून त्यात काय घालायचं आणि त्याची छिद्रं किती मोठी ठेवायची, हे माझं काम. अठरा वर्षं मी रक्तवाहिन्या पाहतोय, पण त्या काचेच्या पट्टीवर, रंगवलेल्या आणि मेलेल्या. जिवंत माणसाची जखम मी कधी उघडून पाहिली नव्हती.

दिवाळीआधी आमच्या कमल सिस्टर रजेवर होत्या आणि रुग्णांचा फोन माझ्याकडे होता. निमोण्याच्या नामदेव आबांच्या सुनेचा, सारिकाचा, फोन आला. आबांच्या तळपायाला बाभळीचा काटा मोडला होता, साखरेमुळे पाय बधिर, आठ दिवस कुणाला पत्ताच नाही. आमची पट्टी लावून नऊ दिवस झाले होते.

"सर, आतून लालभडक झालंय. दाणे दाणे दिसत्यात. कापूस लागला तरी रक्त येतंय."

मला वाटलं, जखम चिघळली. "काढून टाका आणि धुवा," मी म्हणालो.

"नक्की काढू का, सर? सिस्टर म्हणाल्या होत्या, ओढायची न्हाई."

"काढा."

"सर, पुन्हा एकदा विचारते..."

"अहो, ती पट्टी मी बनवतो. मला कळत नाही का?"

तिने काढली. लाल दाणे म्हणजेच नव्या रक्तवाहिन्या होत्या. जखम भरू लागल्याची ती खूण, आणि ती आम्ही दोघांनी मिळून उपटली. मलाही शिरूरच्या दवाखान्यात बोलावून घेतलं. तिथे डॉक्टर तिच्यावर संतापले. ती म्हणाली, मला फोनवर सांगितलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी वर लिहिलंय ते बोललो. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली.

तीन महिन्यांनी रुग्णांच्या घरी जाऊन जखमांचे फोटो काढायचे होते. हे काम खरं तर एकट्या सिस्टरांचं, पण मी स्वतःहून मागून घेतलं. का, ते मलाही तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

दौंड

सिस्टर दौंडच्याच. स्टेशनबाहेर स्कूटी घेऊन उभ्या होत्या. मी जीप ठरवू म्हणालो, तर म्हणाल्या, "सावंत सर, जीप गल्लीत शिरत नाही. बसा मागं. डबा मांडीवर घ्या." डबा म्हणजे थर्माकोलची पेटी, आत बर्फ आणि चार पट्ट्या. पन्नाशीला टेकलेला माणूस, मांडीवर पेटी, पुढे पांढऱ्या कोटातली बाई. दौंडच्या बाजारपेठेतून जाताना एकाने विचारलंच, "सिस्टर, कुल्फी कशी दिली?"

पहिला रुग्ण गायकवाड काका. रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. घरात शिरताच समोर बाबासाहेबांची तसबीर, शेजारी बुद्धमूर्ती आणि खाली रेल्वेचं जुनं घड्याळ. काकांची नडगी प्रवासात रेल्वेच्या डब्याच्या पायरीवर आपटली होती, ती जखम वर्षभर भरेना. आता सिस्टरांनी वरचं बँडेज सोडलं आणि मला म्हणाल्या, "या, जवळ या. लांबून काय बघताय?"

मी वाकलो. जखमेचा तळ लालबुंद होता आणि डाळिंबाचे बारीक दाणे मांडावेत तसा दिसत होता. सिस्टरांनी ओला कापूस टेकवला तर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उमटले.

"हे बघा. लाल म्हणजे जिवंत. पिवळं, हिरवं आणि वासाचं, ते वाईट. काळं म्हणजे मेलेलं. आमच्याकडं पहिल्या वर्षाच्या पोरींना हे शिकवतात."

मला घाम फुटला. वाकलो होतो तिथूनच चष्मा निसटला आणि खालच्या औषधाच्या पाण्याच्या बादलीत पडला. काका खो खो हसायला लागले. "साहेब, जखम माझी आन् चक्कर तुम्हाला? या, खाटेवर बसा. अगं ए, साहेबांना पाणी आण!"

सिस्टरांनी चिमट्याने चष्मा काढून दिला. मग माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिल्या.

जेवायला उजनीच्या पाण्यातली चिलापी होती. तिखट-मीठ लावून, ज्वारीच्या पिठात घोळून तळलेली. मी रत्नागिरीकडचा. गोड्या पाण्यातल्या माशाला आमच्याकडे फारसं कुणी विचारत नाही. चिखलाचा वास येतो म्हणतात, आणि मीही न खाता तेच म्हणत आलो होतो. इथे चार तुकडे खाल्ले आणि पाचव्याकडे पाहत होतो. आमच्याकडे माशाबरोबर भात, इथे बाजरीची गरम भाकरी. काकूंनी भाकरीवर तेल सोडून वर ठेचा ठेवला.

"ती पट्टी माशाच्या कातड्याची म्हणे?" काकांनी विचारलं.

"हो."

"मंग कातडं तुम्ही घेता, मांस कुणाकडं जातं? त्याचा पत्ता द्या आम्हाला."

निघताना काका दारापर्यंत चालत आले, काठी न घेता. मी फोटो काढले. आपण बनवलेल्या वस्तूवर कुणी उभं राहून चालतंय हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. खूप बरं वाटलं, आणि त्याच वेळी निमोणं आठवलं.

केडगाव

दुसऱ्या दिवशी सकाळी केडगावकडे निघालो. दोन्ही बाजूंना ऊस, तुरे पांढरे झालेले, आणि थंडी अशी की पेटीतला बर्फ मांडीला नकोसा झाला. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आला. गाण्याचा आवाज इतका मोठा की आमचा हॉर्न त्याला ऐकूच गेला नसावा. सिस्टरांनी स्कूटी साइडपट्टीवर घेतली, साइडपट्टी संपली, आणि आम्ही कांद्याच्या वाफ्यात आडवे झालो. मी पाठीवर पडलो होतो आणि पेटी दोन्ही हातांनी आभाळात धरली होती. खुरपणाऱ्या बायका धावत आल्या.

"लागलं का, दादा?"

"नाही."

"मंग उठा की! माझ्या कांद्यावर झोपलाय तुम्ही."

सिस्टर हसून हसून खाली बसल्या. पट्ट्या सुखरूप होत्या. माझ्या शर्टाला मात्र तीन दिवस कांद्याचा वास होता.

आमचा दुसरा रुग्ण, रामसेवक, केडगावच्या शिवारातल्या एका गुऱ्हाळावर गुळव्या आहे. गुळव्या म्हणजे रस आटवून नेमक्या क्षणी कढई उतरवणारा माणूस. तो उत्तर प्रदेशातून आलेला, हंगामात इथेच राहतो. गेल्या हंगामात उकळत्या रसाने त्याचा डावा हात कोपरापर्यंत भाजला होता. आता तिथे गुलाबी, थोडी ताणलेली पण सलग कातडी आहे. त्याने मूठ वळवून दाखवली, मग माझाच हात धरून दाबून दाखवला. मी ओरडलो तसा तो खूश झाला.

मालकांनी आम्हाला बसवून कोमट काकवी दिली. त्यात आल्याचा रस होता. तेवढ्यात रामसेवक कढईकडे वळला. झाऱ्याने थोडा पाक पाण्यात टाकून गोळी केली, बोटांनी दाबली, आणि त्याचा चेहरा पडला. आमच्याशी बोलण्यात क्षण चुकला होता. पाक करपटला होता.

मला वाटलं, आता तो चुलवाणात चिपाडं टाकणाऱ्यावर ओरडणार. मी त्याच्या जागी असतो तर ओरडलो असतो. त्याने कढई उतरवली, हात पुसले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आज का घान मैंने बिगाड़ा है। आग ठीक थी। आग वाले को कोई कुछ न कहे।" मग मालकांकडे जाऊन करपट गुळाचा पहिला तुकडा त्याने स्वतःच तोंडात टाकला.

मालक मला हळूच म्हणाले, "ह्याची पद्धतच हाय ही. बिघडलं की आधी सोता सांगतो. त्यामुळं बाकीच्यांचं काम बिघडत न्हाई. न्हाईतर जाळवाल्याचा हात दिवसभर थरथरला असता."

तो करपट गूळ मीही खाल्ला. कडवट होता. अजून एक तुकडा कागदात बांधून घेतला. का घेतला ते सिस्टरांनी विचारलं, मी काहीतरी सांगून टाळलं.

इनामगाव

पारगाव, न्हावरं असं करत दुपार कलताना इनामगावला पोचलो. सिस्टरांच्या मावशी तिथे राहतात. घोडनदीच्या काठावर जुन्या वस्तीचं टेकाड आहे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांची घरं, धान्याच्या कणग्या, चुली तिथे खोदून काढल्या होत्या. आज पाहायला गेलात तर विशेष काही दिसत नाही. माती, बोरीबाभळी, मधेच खापराचा लाल तुकडा. नदीत पाणी होतं आणि पलीकडच्या तीरावर कुणाची तरी मोटर चालू होती. मी तासभर बसून होतो. इतकं निवांत मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

मावशी सत्तरीच्या, बोलायला एकदम मोकळ्या. "तिथं मानसं सापडली बगा, पुरल्याली. मोठ्या मानसांचं पाय न्हाईत. घोट्यापास्नं तोडल्यालं."

"का हो, मावशी?"

"मेल्यावर उठून घराकडं चालत येऊ न्हाई म्हून, म्हणत्यात. मेलेल्याला कोन भितं, जित्याचंच पाय जपावं." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही पायाचं औषध करता म्हणं?"

मी हो म्हणालो. आबांच्या पायाचंही असंच व्हायची वेळ आली होती. डॉक्टरांनी घोट्याखालचा भाग काढण्याची भाषा केली होती, म्हणून तर पट्टी लावली.

सिस्टर ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सर, सारिकाचा फोन तुम्ही घेतला होता ना?"

मी चष्मा काढून पुसू लागलो.

"त्या आठवड्यात फोन तुमच्याकडं होता. आणि ती पोरगी उगाच काही करणारी नाही. मी शिकवलंय तिला. वही घालून ठेवलीये तिनं, वारावार लिहिते."

"मग तुम्ही कुणाला बोलला का नाहीत?"

"माझं सांगून काय उपयोग? ते तुमच्याच तोंडून निघायला पाहिजे, सर." त्यांनी शेंगांची पाटी माझ्याकडे सरकवली. "सोला थोड्या. नुसतं बसू नका."

निमोणे

निमोण्याला सकाळी नऊला पोचलो. रस्त्याच्या दोन्ही अंगाला ज्वारी निसवलेली, कणसांत दूध भरलेलं. आबांच्या घरी शेणाने सारवलेल्या अंगणात आमच्यासाठी खुर्च्या मांडल्या होत्या आणि बाजूला गोवऱ्यांच्या आरावर हुरडा भाजायला सुरुवात झाली होती. गरम कणीस हातावर मळून, फुंकर मारून दाणे ताटात. शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी आणि दही. आमच्याकडे असं पीक कोवळं खायची रीत नाही. भात पिकेपर्यंत धीर धरावा लागतो. इथे पहिला घास शेतातच.

आबा खाटेवर पाय लांब करून बसले होते. गळ्यात तुळशीची माळ. माशाच्या पट्टीचं त्यांना सुरुवातीलाच सांगितलं होतं तेव्हा म्हणाले होते, "पायाला लावायचीय, खायची थोडीच हाय."

दुसरी पट्टी डॉक्टरांनी स्वतः शिरूरला लावली होती. त्यांच्या नोंदीप्रमाणे तळहाताएवढी जखम आता रुपयाएवढी उरली होती. आबा मजेत होते. "साहेब, सिस्टरनी सांगितलं मला. ते तुमचं ठिबकासारखं हाय म्हंजी. पण नळ्या तुम्ही टाकता व्हय?"

"नाही आबा. नळ्या तुमचं शरीरच टाकतं. आम्ही फक्त माती भुसभुशीत करून देतो."

"मंग अर्धं श्रेय माझं!"

सगळे हसले. सारिका चहा घेऊन आली, कप ठेवले, माझ्याकडे न पाहता आत वळली. आबांच्या पत्नी, काकू, मला आग्रहाने हुरडा वाढत म्हणाल्या, "आता हिच्या हातात देत न्हाई आम्ही पाय. एकदा वाट लावली हिनं. पोराची रांजणगावला शिफ्ट असती, ती करून आला की दर तिसऱ्या दिवशी बापाला गाडीवर घालून शिरूरला न्हेतो. वीस किलोमीटर जायचं, वीस यायचं. झोप न्हाई त्याला. आन् ही वर साहेबांचं नाव घेत होती! तुम्ही देवमाणूस, म्हून काय बोलला न्हाई."

सारिका दाराच्या चौकटीपाशी थांबली होती. तिला हे नवीन नसावं. पाठ आमच्याकडे, हातात रिकामी किटली.

मी ताट खाली ठेवलं.

"काकू, ती खरं बोलत होती."

"काय?"

"फोन झाला होता. मीच घेतला होता. सारिकाताईंनी विचारलं, काढू का. मी म्हणालो, काढा. त्यांची चूक नव्हती. मला जखम बघता येत नव्हती, आणि सिस्टर नव्हत्या, आणि नंतर डॉक्टर इतके चिडले की मी..."

बोलत गेलो तसं लक्षात आलं की मी कारणं सांगतोय. थांबलो.

काकूंचा हात परातीवर तसाच राहिला. आबांनी पाय जवळ ओढून घेतला. आरातली कणसं तडतडत होती. मग आबा म्हणाले, "साहेब, तीन महिनं ही पोर या घरात खोटारडी म्हून जगली."

"हो, आबा."

सारिका वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "मला काय सांगताय? मला म्हाईतच होतं. फोनमधी अजून हाय, सहा मिनिटं बोललेलं. दाखवणार होते. पण हे म्हणाले, मोठ्या माणसाची नोकरी जाईल. आता तुम्हीच डॉक्टरांना सांगा. त्यांनी दवाखान्यात वीस माणसांत झापलं होतं मला."

मी तिथेच डॉक्टरांना फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. यावेळी कारणं सांगितली नाहीत. पट्टी काढायला मी सांगितलं, आणि नंतर तुमच्यासमोर खोटं बोललो, एवढंच.

मग डॉक्टर म्हणाले, "सावंत, हे तुम्ही तीन महिन्यांनी सांगताय?"

"हो."

"मी तिला काय काय बोललो ते माहितीये ना तुम्हाला? द्या तिच्याकडे फोन."

मी पाहिलं तर सारिका मोरीपाशी होती. बाह्या वर करून कोपरापर्यंत साबण लावत होती. तिथूनच म्हणाली, "सांगा त्यांना, मी हात धुतेय."

डॉक्टरांना ते ऐकू गेलं. "धुऊ दे," ते म्हणाले. "झालं की मला फोन करायला सांगा. बोलायचं तर मलाही आहे तिच्याशी. आणि आबांना सांगा, आता दर तिसऱ्या दिवशी यायची गरज नाही. महिन्यातून एकदा या. बाकी तिच्याकडून करून घ्या."

काकू उठल्या. सुनेकडे गेल्या. खुंटीवरचा धुतलेला टॉवेल काढला, तिच्या हातांना शिवणार नाही असा दोन टोकांना धरला आणि तिच्यापुढे पसरून उभ्या राहिल्या. सारिकाने हात टिपले.

सिस्टर खाटेपासून बाजूला झाल्या, ट्रे तिच्यापुढे सरकवला. आबांनी पाय पुढे केला. मी रामसेवकच्या गुळाची पुडी खिशात चाचपत मागे उभा होतो. सारिकाने वरचं बँडेज भिजवलं, घाई न करता एकेक पदर सोडवला. शेवटचा पदर सुटला. जखमेचा तळ लाल, दाणेदार, ओलसर. कापूस टेकला तिथे रक्ताचा एक थेंब उमटला.

तिने मान वर केली. तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

"सर, लाल दिसतंय. काढू का?"

आबांना हसू फुटलं, सिस्टरांनी तोंडावर पदर धरला. मला हसता आलं नाही. मी खाली, तिच्यासमोर सारवलेल्या जमिनीवर बसलो.

"नका काढू," मी म्हणालो. "तुम्ही त्या दिवशी दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा तुमचं बरोबर होतं आणि माझं चूक. आणि चुकीपेक्षा वाईट म्हणजे, मी खोटं बोललो आणि ते तुमच्या माथी मारलं. मला माफ करा, सारिकाताई."